नऊ वाजून दहा मिनिटं

“आठ बेचाळीसला पंचक सुटतंय. तवर बाजेला हात लावू द्यायचा न्हाई,” सोजरनं मला तिसऱ्यांदा बजावलं आणि संजीवनीला घेऊन ती आठच्या आतच सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागली.

सोजर म्हणजे माझी बायको. संजीवनी आमची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला. तिच्यासाठी नवी बाज विणायची होती. आमच्या बार्शीकडं पंचकात, म्हणजे त्या पाच वाईट नक्षत्रांच्या दिवसांत, बाज विणत नाहीत. विणणारे इमामचाचा सुतळीची गुंडी मांडीवर घेऊन अंगणात बसून होते आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होतो.

ते घड्याळ गल्लीत प्रसिद्ध होतं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिपाई. घंटा माझ्या हातात. रोज सकाळी रेडिओच्या टोल्याशी मी काटे जुळवायचो. जन्माची वेळ असो, लग्नाची अक्षत असो, लोक म्हणायचे, अंबऋषीला विचारा. मलाही त्याचा तोरा होताच. आठ बेचाळीस झाले, मी वर तीन मिनिटं जाऊ दिली आणि चाचांना म्हणालो, “करा सुरू.”

चाचांना ऐकू कमी यायचं. मी हातानं खूण केली तेव्हा त्यांनी पहिला फेरा टाकला.

पुढच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत आमच्या भाडेकरणीचा, शालनचा, सासरा घरघरत होता. दोन दिवस त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

आमचं घर केवढं, तर मधे एक मोठी खोली, मागं पत्र्याची पडवी, तिथंच चूल, आणि पुढं एक दगडी खोली, तिला वेगळं दार. ती आम्ही काशीदांना भाड्यानं दिली होती. बलभीम काशीद, त्याची बायको शालन आणि बाप लिंबाजीअण्णा. चार वर्षं माणसं नीट राहिली. मग बलभीमची गिरणी बंद पडली. दसरा झाल्यावर तो मागावर काम बघायला भिवंडीला गेला आणि बाप अंथरुणाला खिळला. शालन दोन घरची धुणी धरायची, मधल्या वेळात पळत येऊन सासऱ्याची कूस बदलायची. भाडं थकलं होतं, पण त्याचा मी बाऊ केला नव्हता. मला खोली हवी होती.

कारण सांगतो. संजीवनीचं पहिलं पोर बाराव्या दिवशी गेलं. सासरी उघड्या ओसरीत बाळंतपण केलं, गारठ्यात पोराची छाती भरली. तिला परत आणली तेव्हा महिनाभर ती बोलत नव्हती, नुसती पाळण्याची दोरी ओढायची. पाळण्यात काही नसायचं. या खेपेला सोजरनं एकच धोशा लावला होता: “मला बिनवाऱ्याची खोली पाहिजे. दार लावलं की शेक राहील अशी.” तशी खोली घरात एकच होती आणि तिच्यात लिंबाजीअण्णा मरत पडले होते.

या दिवसाच्या आठवडाभर आधी मी शालनला म्हणालो होतो, “शालन, खोली लागणारे. संजीवनीचं तुला माहीतच आहे.”

ती भांडी घासत होती. राखेचे हात तसेच धरून उभी राहिली. “दादा, मला कळत न्हाई व्हय? पण मामांना कुटं हलवू? माणूस निम्मा वर गेलाय.”

“दवाखान्यात नेऊ.”

“दवाखान्यानंच घरी धाडलंय. आन् दुसरं बी हाय. हे जाताना म्हणले, गुडीपाडव्यापातूर येतो, तू हितंच थांब. त्यांला लिव्हायला येत न्हाई, मला वाचायला येत न्हाई. भिवंडीत कुटं हायती ते मला ठाव न्हाई. हा पत्ता सोडला तर त्यांनी मला शोधायचं कुटं?”

“मी सांगीन ना तो आल्यावर.”

“आन् म्या कुटं जाणार ते मलाच ठाव नसलं तर तुमी सांगणार काय?”

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तर मला जास्त राग आला. मी सोजरला सांगितलं, ती हलत नाही. सोजर म्हणाली, “मरत्या माणसाला उचलून टाकायचं का मग? थांबा, अण्णांचं काय खरं न्हाई.” थांबा म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं होतं. आम्ही म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघत होतो. पण मला ठाऊक होतं, अण्णा गेले तरी शालन पाडव्यापर्यंत हलणार नाही. आणि संजीवनीला फार तर महिना होता.

तर त्या सकाळी चाचांची बाज वीतभर विणून झाली होती. मी सुतळीला ताण देत उकिडवा बसलो होतो. इतक्यात आतली घरघर थांबली. कानाला सवय झालेला आवाज थांबला की कसं होतं, तसं एकदम मोकळं वाटलं. मी घड्याळ बघितलं. सवयच ती. नऊ वाजून दहा मिनिटं.

शालन दारात आली. रडत नव्हती. चौकटीला धरून उभी राहिली. तिची नजर माझ्यावरून बाजेवर गेली, बाजेवरून पुन्हा माझ्यावर आली.

“दादा, मामा गेले. किती वाजले वो? गुरुजी वेळ इचारतील.”

आता मी काय केलं ते सरळच लिहितो. मी पुन्हा एकदा घड्याळाकडं बघितलं, जसा वर्गावरच्या मास्तरला दाखवायला बघतो तसा, आणि म्हणालो, “सव्वाआठ.”

विचार केला होता का? नव्हता. आणि होताही. आठवडाभर डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की ही बाई निघेल कशी, आणि सकाळपासून तोंडात पंचक होतं. दोन्ही एका जागी आलं आणि शब्द बाहेर पडला. पंचकात गेलेला माणूस मागं पाच जणांना ओढतो, त्या छपराखाली राहायचं नसतं, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक असतं. माझा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

 शालननं नुसती मान हलवली आणि ती आत गेली. मग तिचा हंबरडा ऐकू आला.

देवळामागचे गुरुजी आले. त्यांनी मलाच विचारलं, “वेळ?” मी म्हणालो, “सव्वाआठ.” माझ्या घड्याळावर शंका कोण घेणार? त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि चष्मा वर केला. “रेवती. पंचक सुटायला अर्धा तास राहिला होता. दैव म्हणायचं.” मागं ओढल्या जाणाऱ्या पाच जणांच्या बदल्यात कणकेच्या पाच बाहुल्या करून तिरडीवर ठेवल्या. बलभीमला कळवायचं कुठं हेच ठाऊक नव्हतं, तेव्हा अग्नी मी दिला. लोक म्हणाले, घरमालक असावा तर असा.

गुरुजी जाताना म्हणाले, “खोली सहा महिने बंद ठेवायची. आत चूल नको, दिवा नको, माणूस नको. तेराव्यानंतर बाईनं दुसरीकडं जावं.”

“आणि शांत केली तर?” मी विचारलं. मी तर धरूनच चाललो होतो की शांत करायची, दक्षिणा ठेवायची आणि खोली वापरायची.

“शांत करायचीच. पण सहा महिने म्हणजे सहा महिने.”

माझ्या मागं सोजर उभी होती. दवाखान्यातून आल्यापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं मला एकच विचारलं, “बाज कवा घेतली विणायला?”

“पावणेनऊला. पंचक सुटल्यावर.”

“मग बरं,” ती म्हणाली.

ते तेरा दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. गल्लीतल्या बायका शालनला भाकरी आणून द्यायच्या त्या उंबऱ्याबाहेरून. जिच्या हाती कालपर्यंत लोक आपली लुगडी धुवायला द्यायचे, तिची सावली चुकवायला लागले. सोजर मनानं वाईट नव्हती, पण तिच्या पोटात लेकीची भीती होती. दहाव्या दिवशी तिनं अंगणात शालनचे पाय धरले. “शालन, माझ्या पोरीच्या एका लेकराचा काळानं घास घेतलाय. पुन्हा नको गं. तू जा बाई. कुटं बी जा.”

मी पडवीत उभा होतो. मला वाटलं, आता शालन बोलेल. ती नुसती खाली वाकली, सोजरला उठवलं आणि म्हणाली, “जाते वैनी. पाया पडू नका, तुमी थोरल्या हाय.”

चौदाव्या दिवशी सकाळी तिनं गठुडं बांधलं. एक पत्र्याची पेटी, दोन पातेली, अण्णांची काठी. काठी कशाला घेतेस, असं मी विचारणार होतो, पण ती तिच्या नवऱ्याच्या बापाची होती, मी कोण विचारणारा? सोजर संजीवनीला घेऊन आत बसली होती. फाटकापाशी आम्ही दोघंच होतो. तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

“कुठं जाणार?” मी विचारलं.

“परांड्याला भाऊ हाय. ठेवून घेतलं तर.”

“बलभीम आला तर सांगीन मी. परांडा.”

ती पेटी उचलायला वाकली, मग पुन्हा सरळ झाली. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, “दादा, म्या दारात आले तवा बाज वीतभर विणून झालती.”

मी किल्ली मुठीत आवळली.

“वैनी पंचकात बाजेला हात लावू देतील का? तुमी लावू द्याल का? मला त्याच वक्ताला कळलं.”

“मग तू बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“कुणाला सांगू? सगळी गल्ली तुमच्या घड्याळावर चालती. माझ्यापाशी काय हाय?” तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं. “मामांच्या तिरडीवर कणकेच्या भावल्या ठिवल्या वो. साध्यासुध्या माणसाचं मरान, त्याला तुमी भूत केलं.”

 तिनं पदरानं तोंड पुसलं.

“आता एक करा. वैनींना खरं सांगा आन् खोली उघडा. पोरीला गारठ्यात ठेवू नका. न्हाईतर म्या उगंच गेले आसं व्हईल.”

पेटी डोक्यावर, काठी हातात, अशी ती गेली. मी सांगितलं नाही.

सांगायचं होतं. रोज सकाळी उठून ठरवायचो. पण सोजरनं किल्ली माझ्या हातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवली होती आणि रोज तिला हळदीकुंकू लावून हात जोडायची. तिच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे काय म्हणायचं? मी खोटं बोललो, एका मेलेल्या माणसाच्या मरणाची वेळ चोरली? तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. वर आणखी आगीतून फुफाट्यात. मधल्या खोलीची भिंत त्या खोलीला लागून होती, म्हणून सोजरनं संजीवनीची बाज तिथंही ठेवू दिली नाही. थेट मागच्या पडवीत, पत्र्याखाली नेली. “त्या भिंतीपासनं जितकी लांब तितकी बरी.” पौषातला वारा पत्र्याच्या फटींतून सुया टोचल्यासारखा यायचा. मी गोणपाटं ठोकली, फटींत चिंध्या कोंबल्या. दगडी, उबदार, रिकामी खोली दहा पावलांवर कुलपात होती.

दहा दिवसांनी संजीवनी बाळंत झाली. मुलगी. पाचव्या दिवशी सटवाई पुजली. सहाव्या दिवशी सकाळी पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टर बघून गेले, औषध दिलं आणि पत्र्याकडं बोट करून म्हणाले, “इथं ठेवलीत तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही.”

संजीवनी बाजेवर बसली होती. पोर छातीशी, आणि मोकळा हात हवेत काहीतरी ओढत होता. पाळण्याची दोरी. पाळणा अजून टांगलाही नव्हता.

मी सोजरला चुलीपाशी गाठलं.

“खोली उघड.”

“डोकं फिरलंय का तुमचं?”

“पंचक नव्हतं सोजर. अण्णा नऊ दहाला गेले. मी सव्वाआठ सांगितलं.”

तिच्या हातात फुंकणी होती. ती तशीच राहिली. मला वाटलं, आता ती फुंकणी माझ्या टाळक्यात बसेल, आणि बसली असती तर बरं झालं असतं. ती उठली. देव्हाऱ्यातून किल्ली घेतली, तिच्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि पुढचं कुलूप काढलं. शेगडी पेटवली, संजीवनीला बाजेसकट आत आणवली, दार लावलं. तासाभरानं बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य बोलली.

“पोर वाचली तर शालनला आणायची. न्हाई वाचली तर मला तोंड दावायचं न्हाई.”

पोर वाचली. तीन दिवसांत शिट्टी बसली आणि ती भूक लागली म्हणून गल्ली डोक्यावर घ्यायला लागली. मी परांड्याची एसटी पकडली. शालनचा भाऊ म्हणाला, आठ दिवस राहिली, मग घरात कुरबुर झाली, उसाच्या टोळीबरोबर गेली. कुठल्या कारखान्यावर? त्याला ठाऊक नव्हतं. मी तीन कारखाने पालथे घातले. पालापालातून विचारत फिरलो: काशीदांची शालन, एकटी बाई, हातात काठी आहे. बायका माझ्याकडं संशयानं बघायच्या. “तुमी कोण तिचे?” मी सांगायचो, घरमालक. त्यावर त्या हसायच्या. घरमालक कधी भाडेकरणीला शोधत फिरतो होय!

पाडव्याच्या आदल्या दिवशी बलभीम आला.

दुपारची वेळ. पायात नवी चप्पल, खांद्याला पिशवी, पिशवीत साखरेच्या गाठी. तो सरळ पुढच्या खोलीच्या दाराशी गेला आणि आत पाळणा बघून थबकला. मला वाटतं, क्षणभर त्याला ते आपलंच घर वाटलं असावं.

“दादा, शालन कुटाय? बाबा?”

मी त्याला अंगणात बसवलं. बाजेवर नव्हे, खाली घोंगडीवर. बाप गेल्याचं सांगितलं. तो बराच वेळ गाठींच्या पिशवीत हात घालून बसला. मग म्हणाला, “कवा?”

“मार्गशीर्षात. दशमीला.”

“किती वाजता?”

सोजर दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

“नऊ वाजून दहा मिनिटं,” मी म्हणालो.

त्याला त्या वेळेचं काही देणंघेणं नव्हतं. पोरगं बापाचं विचारतं तसं त्यानं विचारलं होतं. “अग्नी कुणी दिला?” मी म्हणालो, मी. त्यावर तो उठला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. “लई उपकार झाले दादा. न्हाईतर कोण करतंय परक्याचं?” मी पाय मागं घेऊ शकलो नाही. सोजर आत निघून गेली.

शालनचं विचारल्यावर मी खरं सांगितलं, अर्धंच. तेराव्यानंतर गेली, परांडा, मग टोळी. का गेली ते त्यानं विचारलं आणि मी म्हणालो, “खोली लागत होती.”  गाठींची माळ त्यानं पाळण्यातल्या पोरीच्या उशाशी ठेवली आणि भिवंडीचा पत्ता मला लिहून घ्यायला लावला. “आली तर हे द्या तिला. म्हणावं, बलभीम पाडव्याला आलता. थांबला न्हाई आसं समजू नगं म्हणावं.”

पुढची चार वर्षं तो दर पाडव्याला यायचा. पाचव्या वर्षी आला नाही. शालन कधीच आली नाही.

या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. सोजर त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. माझी भाकरी केली, दुखणीखुपणी काढली, पण वेळ विचारायची झाली की ती समोरच्या घरी जाऊन विचारायची. मी मनगट पुढं केलं तरी.

आता मी एकटाच आहे. संजीवनी पुण्याला असते. तिची ती मुलगी, पत्र्याखाली शिट्टी वाजवणारी, आज स्वतः दोन लेकरांची आई आहे. एका बिल्डरनं गल्लीतली सगळी घरं मागितली आहेत. सगळ्यांनी सह्या केल्या, माझीच राहिली आहे. गेल्या महिन्यात संजीवनी आली आणि चिडून म्हणाली, “दादा, किती हट्ट! पत्रा गळतोय, भिंत फुगलीय. चला माझ्याकडं. काय ठेवलंय इथं?”

मी तिला काय सांगणार? देव्हाऱ्यात त्या किल्लीच्या जागी एक कागद आहे. त्याच्यावर माझ्याच अक्षरात भिवंडीचा पत्ता आहे, घड्यांवर फाटलेला. शालन असलीच तर आज साठीच्या पुढं असेल. तिला वाचता येत नाही, तिला या जगात एकच पत्ता ठाऊक आहे, आणि तो हा. मी हा सोडला, तर तिनं शोधायचं कुठं?